पोटालाही राबावे लागते

पोटासाठी माणूस राबतो, असे आपण सर्वजण म्हणतो. पहाटेची पाळी, लोकलची गर्दी, ओव्हरटाईम, डोक्यावरचे ओझे, हे सर्व पोटासाठीच चाललेले असते. परंतु ते पोट आपल्यासाठी कसे राबते, याचा विचार आपण क्वचितच करतो. घास गिळला की आपले काम संपले असे वाटते. खरे तर तेथून दुसऱ्या एका कामगाराची पाळी सुरू होते. ती पाळी तीन-चार तासांची असते आणि तिच्यात घाई केलेली चालत नाही.

आमच्या घरात हा विषय आजारपणाच्या रूपाने आला. आम्ही तिघे भावंडे. आमची आई तीस वर्षे एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात उभ्याने काम करीत होती. दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि पुन्हा पट्ट्यासमोर उभे राहायचे, ही तिची सवय. नोकरीत असतानाच तिला मधुमेह जडला. त्याला चौदा-पंधरा वर्षे झाली असतील, तेव्हा तिचे जेवण कमी होऊ लागले. ताटावर बसायची, चार घास खायची आणि ताट बाजूला सरकवायची. "पोट भरलं गं," एवढेच म्हणायची. सकाळी खाल्लेली भाकरी-भाजी संध्याकाळी उलटीतून पडायची आणि घास ओळखू येतील इतकी ती जशीच्या तशी असायची. वर्षभरात तिचे वजन अठ्ठावन्न किलोवरून सत्तेचाळीसवर आले.

चाळीत अशा गोष्टी लपून राहत नाहीत. कोणी म्हणाले बेंबी सरकली आहे, चोळून घ्या. कोणी म्हणाले नजर लागली आहे, उतरवून टाका. पण सर्वांत वाईट कुजबुज वेगळीच होती. म्हातारीला सुनेच्या हातचे गोड लागत नाही, म्हणून ती नाटक करते, अशी ती कुजबुज. आमच्या वहिनीच्या कानावर हे गेले. दिवसभर शिवणकाम करून ती माउली सासूसाठी वेगळी भाजी करायची, आणि ताट तसेच परत यायचे. एके रात्री ती स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडत बसली. आईही पलीकडे भिंतीकडे तोंड करून जागीच होती. एकाच घरात दोन चुली होतात की काय, अशी वेळ आली होती, आणि भांडण मात्र दोघींपैकी कोणीच काढले नव्हते.

जवळच्या दवाखान्यात आम्लपित्ताच्या गोळ्या मिळत होत्या. त्यांनी जळजळ थोडी कमी व्हायची, उलटी थांबायची नाही. शेवटी आम्ही आईला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथे एका तरुण डॉक्टर बाईंनी आईला प्रथम हे विचारले, "आई, खाल्ल्यावर किती वेळाने उलटी होते?" आई म्हणाली, "पाच-सहा तासांनी." बाईंनी पेन खाली ठेवला आणि केसपेपरच्या पाठीमागे पोटाचे चित्र काढून आम्हा सर्वांना समजावून सांगितले. ते ज्ञान आमच्यापुरतेच राहू नये, म्हणून हा लेख.

जठर म्हणजे पोटाची पिशवी. रिकामी असताना ती मुठीएवढी आकसलेली असते आणि तिच्यात अर्धा कपसुद्धा मावणार नाही. पण घास गिळू लागताच तिचा वरचा भाग सैल पडतो आणि एक लिटर, कधी दीड लिटरपर्यंत अन्नपाणी सामावून घेतो. पाहुणे आले की आपण घरात सरकून जागा करतो, तसेच हे आहे. हा भाग नीट सैल पडला नाही, तर चार घासांतच पोट तुडुंब भरल्यासारखे वाटते.

जठराच्या मधल्या भागात, वरच्या बाजूला, काही विशेष पेशी असतात. हृदयाला जसा ठोका असतो, तसा जठरालाही ठोका असतो आणि तो या पेशी देतात. मिनिटाला तीन, म्हणजे दर वीस सेकंदांनी एक लाट तेथून निघते आणि खालच्या टोकाकडे सरकत जाते. जेवणानंतर ती खाली जाता जाता जोर धरते. खालचा भाग जाड स्नायूंचा आहे. त्याला आपले घरचे जाते समजावे. तेथे अन्न दळले जाते, जठरातील आम्ल रसात कालवले जाते आणि त्याची पातळ पेज होते.

या जात्याच्या पुढे एक अरुंद दार आहे. पलीकडे लहान आतडे सुरू होते. हे दार मोठे कडक पहारेकरी आहे. लाट येऊन थडकली की ते पुरते उघडत नाही. पाणी, पेज आणि एक-दोन मिलिमीटरएवढे, म्हणजे रव्याच्या कणाएवढे बारीक झालेले अन्न तेवढे ते पुढे सोडते. त्याहून मोठा तुकडा आला की दार मिटते आणि तो तुकडा मागे फेकला जातो. पुन्हा लाट, पुन्हा दळण. दातांनी जे काम केले नाही, ते जठराला असे तासन् तास करावे लागते. घाईघाईने गिळलेला मोठा घास पोटात गेल्यावर लवकर सुटत नाही, त्याचे कारण हेच.

म्हणूनच पातळ आणि घट्ट अन्नाचा वेळ सारखा नसतो. पेलाभर साधे पाणी वीसेक मिनिटांत निम्मे पुढे निघून जाते. भाकरी-भाजीचे तसे नाही. पहिली वीस-तीस मिनिटे तर दळण्यातच जातात, फारसे काही पुढे जातच नाही. मग हळूहळू, ठरावीक गतीने, पोट रिकामे होऊ लागते. निम्मे जेवण पुढे जायला दोनेक तास लागतात आणि चार तासांनी निरोगी माणसाच्या पोटात फार तर दहावा हिस्सा उरतो. तेलातुपाचे जेवण याहून जास्त वेळ थांबते. आतड्यात तेल-चरबी पोहोचली की आतडेच जठराला निरोप पाठवते, "जरा दमाने, आधीचे अजून पचायचे आहे." रात्री अकराला तर्रीचे मटण-भाकरी खाऊन लगेच आडवे झाल्यावर मध्यरात्री घशाशी का येते, हे यावरून ध्यानात यावे. दुसऱ्या पाळीवरून उशिरा येणाऱ्या बांधवांनी मुख्य जेवण मधल्या सुटीत करावे, घरी आल्यावर हलके खावे आणि निजण्यापूर्वी दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

पोट रिकामे झाले तरी त्याला सुटी नसते. दर दीड-दोन तासांनी वरून खालपर्यंत एक जोरदार लाट येते. आधी दळून न झालेले चोथा, साली, बिया असे सर्व ती दार मोठे उघडून आतड्यात झाडून काढते. पोटात कावळे ओरडतात असे आपण म्हणतो, त्या आवाजात या झाडलोटीचाही वाटा असतो. दर अर्ध्या तासाला चहा-बिस्किट, भजी, फरसाण चालू असेल तर ही झाडलोट होतच नाही, कारण खाणे पोटात पडताच ती थांबते. निरोगी माणसाने दोन खाण्यांमध्ये पोटाला थोडी उसंत द्यावी, ही जुन्या माणसांची शिकवण अशी शास्त्राला धरूनच आहे.

हे सर्व चित्र काढून झाल्यावर डॉक्टर बाईंनी सांगितले की, जठराच्या लाटांना हुकूम देणारी एक मोठी नस मेंदूकडून येते. मधुमेह पुष्कळ वर्षे राहिला आणि साखर ताब्यात नसली, तर पायाच्या नसा जशा बधिर होतात, तशी ही नसही दुबळी होते. ठोका देणाऱ्या पेशीही काहींच्या कमी होतात. मग जाते मंद फिरते आणि अन्न तासन् तास पोटातच पडून राहते. आईला हेच झाले असावे, असा त्यांचा अंदाज होता.

अंदाजावर त्या थांबल्या नाहीत. प्रथम दुर्बिणीची तपासणी केली, कारण पोटाच्या दाराशी व्रण किंवा गाठ असली तरीही अन्न अडते, आणि ते आधी पाहावे लागते. तेथे काही अडथळा निघाला नाही. मग दुसरी तपासणी झाली. सकाळी उपाशीपोटी आईला किरणोत्सर्गी द्रव्याचा अगदी अल्प अंश मिसळलेली इडली खायला दिली आणि यंत्रासमोर ठरावीक वेळाने तिच्या पोटाची चित्रे घेतली. दुखणे नाही, टोचणे नाही. फक्त बसून राहायचे. चार तासांनंतरच्या चित्रात इडलीचा निम्म्याच्या आसपास भाग जठरातच होता.

ते चित्र वहिनीने कितीतरी वेळ हातात धरून पाहिले. ती काहीच बोलली नाही. आईच म्हणाली, "बघ बाई, तुझ्या हाताचा दोष नव्हता. माझ्या पोटाचा होता." रुग्णालयाच्या व्हरांड्यात दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. वर्षभर चाळीने जे बोल लावले होते, ते एका चित्राने पुसून टाकले.

त्या दिवशी एक कोडेही सुटले. आई इन्सुलिन घेऊन जेवायची, तरी तिला तासाभरात दरदरून घाम यायचा, हातपाय कापायचे. तपासले तर साखर उतरलेली. आणि रात्री तीच साखर एकदम चढलेली. इन्सुलिन आपल्या वेळेवर काम करीत होते, पण अन्न जठरातच अडकल्यामुळे साखर रक्तात वेळेवर पोहोचत नव्हती. मागाहून पोहोचली की इन्सुलिन संपलेले असायचे. शिवाय साखर फार चढली की जठर आणखी मंदावते, असे हे दुष्टचक्र. डॉक्टरांनी मग इन्सुलिनची मात्रा आणि वेळ दोन्ही बदलून दिली.

पोटातले हे काम माणसाला मुळात कळले कसे, असा प्रश्न आमच्या धाकट्या भावाला पडला. त्याने वाचनालयातून पुस्तके आणली आणि त्यांतून आम्हाला एका मजुराची गोष्ट कळली. ती आपल्या वाचकांनाही ठाऊक असावी असे वाटते.

अमेरिकेत मॅकिनॉ नावाच्या बेटावर ६ जून १८२२ रोजी एका दुकानात बंदुकीचा बार चुकून उडाला आणि अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात वरच्या बाजूला शिरला. हा कॅनडाचा गरीब माणूस. होड्यांतून केसाळ कातड्यांची ने-आण करणाऱ्या कंपनीचा हमाल. लष्करातील शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट यांनी त्याच्यावर उपचार केले. तो वाचला, पण जखम पूर्ण मिटली नाही. त्याच्या अंगावर एक भोक राहिले आणि त्यातून थेट जठराच्या आत पाहता येऊ लागले.

ब्यूमाँट यांनी १८२५ पासून प्रयोग सुरू केले. मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडायचे आणि ठरावीक वेळाने ओढून पाहायचे. उष्णतामापकाची नळी आत घातली, तर जठर ती पकडून खालच्या टोकाकडे ओढत नेते, हेही त्यांनी पाहिले. तो माणूस संतापला की पोटाचे काम बिघडते, अशी नोंदही त्यांनी केली. १८३३ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि जठर कसे काम करते, हे जगाला प्रथमच डोळ्यांनी पाहिल्यासारखे कळले.

पण ज्याच्या पोटावर हे ज्ञान उभे राहिले, तो माणूस त्या घरात लाकडे फोडायचा आणि पडेल ते काम करायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. प्रयोगांसाठी १८३२ साली जो करार झाला, त्यावर त्याने सही म्हणून फुली मारली. पुढे तो आपल्या मुलखात निघून गेला आणि वारंवार बोलावूनही ब्यूमाँट यांच्याकडे परतला नाही. १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांना त्याचे जठर हवे होते. घरच्यांनी प्रेत खराब होईपर्यंत घरातच ठेवले आणि मग खोल खड्ड्यात पुरले, म्हणजे कोणी ते उकरून नेऊ नये. हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरच्यांनी आपल्या माणसाची राखलेली ती शेवटची अब्रू होती. ब्यूमाँट यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात मोठे आहे, आणि ते असावेच. पण त्याच्या शेजारी या हमालाचे नावही घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हार्वर्डमध्ये शिकणारे वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न खाऊ घालून जठराच्या लाटा पडद्यावर पाहिल्या. त्यांचा निबंध १८९८ साली प्रसिद्ध झाला. मांजर घाबरले किंवा चिडले की लाटा थांबायच्या आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू व्हायच्या. ताटावर बसलेल्या माणसाला बोलून घेऊ नये, हिशेब-भांडणे जेवताना काढू नयेत, असे आपल्या घरातील वडीलधारी सांगतात. त्याला हा असा आधार आहे.

आता आमच्या आईविषयी. हा आजार मुळासकट जात नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण तो सांभाळता येतो. वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्या आहेत. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून सहा लहान खाणी. मऊ भात आणि मुगाचे वरण, चांगले घोटून. भाकरी हवीच असेल तर कोर-अर्धी, आमटीत कुस्करून. पालेभाजीचे देठ, काकडीची साल, संत्र्याचा चोथा बंद, कारण असा चोथा मंद पोटात साठून त्याची गोळी होऊ शकते. तेल कमी. फार जड वाटेल त्या दिवशी गाळलेले सार किंवा पातळ पेज, कारण पातळ पदार्थ मंद जठरातूनही बरेच सुटतात. खाल्ल्यावर आडवे न होता चाळीच्या गॅलरीत चार फेऱ्या. पोटाची हालचाल वाढवणारी गोळी डॉक्टरांनी दिली आहे, पण ती त्यांच्याच देखरेखीखाली. अशा काही गोळ्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, म्हणून शेजारणीला लागू पडली तर आपणही घ्यावी, असे करू नये. आई आता बावन्न किलोंची झाली आहे. उलटी महिन्यातून एखादे वेळी होते. त्या दिवशी घरात कोणी कोणाकडे संशयाने पाहत नाही.

येथे एक गोष्ट सर्वांसाठी सांगतो. आपल्या माणसाचे ऑपरेशन असते, तेव्हा डॉक्टर त्याला उपाशी ठेवायला सांगतात. मायेपोटी आपण लपवून घोटभर चहा आणि दोन बिस्किटे देतो. ही माया जिवावर बेतू शकते. भूल दिल्यावर पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. साधे पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालते, पण दूध-चहा आणि हलके खाणे यांना किमान सहा तास आणि तेलकट जेवणाला त्याहूनही जास्त वेळ द्यावा लागतो. डॉक्टर सांगतील ती वेळ काटेकोर पाळावी. रुग्णाला जुना मधुमेह असेल, किंवा मधुमेहाची अथवा वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने चालू असतील, तर तसे आधीच सांगावे, कारण त्यांतील काही इंजेक्शने पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतात.

आमच्या माता-भगिनींना विशेष विनंती. सर्वांचे झाल्यावर, उरलेसुरले, उभ्या-उभ्या, रात्री उशिरा जेवण्याची सवय मोडा. घरातील पुरुषांनी आणि मुलांनी त्यांना आपल्याबरोबर पानावर बसवावे. चार घासांत पोट भरणे, तासन् तासांनी न पचलेले अन्न उलटून पडणे, वजन उतरणे, घास गिळताना अडकणे, उलटीत रक्त दिसणे किंवा शौचास काळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्या बाईला नाटकी म्हणू नका, नजर काढत बसू नका आणि नुसत्या आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिने काढू नका. तिला सरकारी रुग्णालयात न्या, आणि खाल्ल्यावर किती वेळाने त्रास होतो हे आठवडाभर वहीत लिहून ती वही बरोबर ठेवा. डॉक्टरांना त्या वहीचा मोठा उपयोग होतो.